अडतीस बाटल्यांचा वास

सकाळी सातले मालकाचा फोन आला की समजून घ्यावं, आज आपलं काही खरं नाही. आमचे स्वप्निलभाऊ दहाच्या आत डोळा उघडत नाहीत. त्या शनिवारी सातले फोन, अन् आवाज असा की बाप्पा लगीनच ठरलं.

"देवमनभाऊ, त्या मुंबईच्या मॅडम आल्या ना! आत्ता अमरावती एक्स्प्रेसनं उतरल्या. आजच आपली वाइनची यादी तपासून राहिल्या. तुमी दहाले या. अन् इस्त्रीचे कपडे घाला बरं."

मी दात घासून राहिलो होतो. ब्रश तोंडातच राहिला. मी मोरीजवळ मटकन खाली बसलो. आतून माय ओरडली, "काय झालं रे?" म्हटलं, "काई नाही, पाय घसरला." बावन्न वर्षांचा घोडा मी, अन् सकाळी सकाळी मायले फसवून राहिलो.

मी देवमन खंडारे. बडनेरा रोडवरच्या हॉटेलात वरच्या मजल्यावर 'अंगार' नावाचं स्टेकहाऊस आहे, तिथं कॅप्टन आहे, वेटरायच्या वरचा. स्टेकहाऊस म्हणजे काय, हे लोकायले सांगता सांगता माही दोन वर्षं गेली. स्टेक म्हणजे मांसाचा भाजलेला जाडा तुकडा. गाईचं तर बंदच आहे, अन् म्हशीचं नाव स्वप्निलभाऊचे वडील, पंजाबराव, घरात काढू देत नाहीत. म्हणून आमचं स्टेक बोकडाचं, कोंबडीचं, नाहीतर पनीरचं. तापल्या लोखंडी तव्यावर चर्र करत टेबलावर आणायचं. एका पाटलानं त्याच्यासंगं ज्वारीची भाकर अन् ठेचा मागितला. दिला बी आम्ही. काय करता?

पण वाइनची यादी मात्र अस्सल. ती माही. अडतीस वाइन, प्रत्येकीखाली दोन-दोन ओळी, माह्या हातच्या.

हॉटेलांच्या वाइनच्या याद्या तपासणारी बी माणसं असतात, हे तुमाले माहीत नसन. मुंबईची एक संस्था आहे, ती दरसाल एक पुस्तक काढते. कोणत्या हॉटेलात यादी नीट केली, बाटल्या नीट ठेवल्या, ते त्याच्यात येते. स्वप्निलभाऊनं अर्ज केला होता. म्हणे, "नाव आलं तर अकोल्याले दुसरं 'अंगार' काढू, तिथले मॅनेजर तुमी. नाही आलं तर बाबाचं ऐकतो, हे बंद करतो अन् पहिल्यावानी थाळी चालू करतो." थाळीच्या हॉटेलात वाइनवाला कॅप्टन ठेवून काय करतीन? वरण वाढायले? बावन्नाव्या वर्षी मले दुसरं कोण उभं करते दारात?

तरी मले यादीचं भेव नव्हतं. यादी मी जीव लावून केली होती. भेव होतं ते दुसरंच. आता सांगतो, पण मनातच ठेवा.

मी आजवर दारूचा थेंब घेतला नव्हता. वाइनचा नाही, बिअरचा नाही, कशाचाच नाही.

माहा आजा छप्पनमधी नागपूरले गेला, दीक्षा घेऊन आला. पाच शीलं घेतली. पाचवं, नशापाणी करायचं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात थेंब आला नाही. आज्यानं पाळलं, बापानं पाळलं. मी एकोणीस वर्षांचा असताना पुण्याले हॉटेलात वेटर म्हणून निघालो, तवा मायनं एवढंच म्हटलं, "लोकायले वाढ. तुह्या तोंडात नको जाऊ देऊ." आमच्या विहारातले वामनराव तर तोंडावर म्हणत, "अरे, विकनं बी बरं नाही." त्यायचं बी खरंच होतं. पण पोट त्याच्यावरच होतं ना. मी म्हटलं, निदान तोंड तरी स्वच्छ ठेवू. तेहतीस वर्षं ठेवलं.

मंग वाइन कशी कळते, म्हणसान. नाकानं. पुण्यात मी टेबलं उचलायचो, तवा गिलासात तळाशी राहिलेलं धुवायच्या आधी नाकाजवळ न्यायचो. कोणत्या बाटलीचा वास काय, गिऱ्हाइकानं कोणती अर्धी सोडली, कोणती पुन्हा मागितली, सगळं वहीत लिहून ठेवायचो. वीस-एकवीस वर्षांत असं नाक झालं की बूच काढलं की सांगावं, ही बाटली उन्हात राहिली, हिचं बूच सडलं, ही टेबलावर नेऊ नका. लोकं म्हणत, काय जाणकार आहे! कोणी विचारलंच नाही की बाबा, तू घेतं का? हलवायाले कोणी विचारते काय, तुले गोड आवडते का म्हणून? स्वप्निलभाऊनं मले ठेवलं तवा विचारलं, "वाइनचं समजते?" म्हटलं, "समजते." तेवढंच विचारलं, तेवढंच सांगितलं. खोटं काय बोललो मी?

असं स्वतःले समजावत समजावत राजापेठेतून गाडी काढली. ट्युशनच्या पोरांच्या स्कूट्या आडव्या येऊन राहिल्या, एकाले शिवी घातली, अन् हॉर्न दाबताना इंडिकेटरच लागला.

मॅडमचं नाव रागिणी. पन्नाशीच्या, बारीक कापलेले केस, सुती साडी, पायात साध्या चपला. मले वाटलं होतं कोणी तोऱ्यातली बाई येईन. ही तर बँकेतल्या बाईवानी शांत. शांत माणसाचं मले जास्त भेव वाटते. ओरडणाऱ्याचं कळते तरी.

आधी बाटल्यांची खोली पाहिली. थंडावा किती, बाटल्या आडव्या की उभ्या, उजेड येते का. आपल्याकडे मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर जाते, म्हणून त्या खोलीले मी वेगळं जनरेटर लावून घेतलं होतं, स्वप्निलभाऊशी भांडून. मॅडमनं भिंतीले हात लावून पाहिला अन् मान डोलावली. गिलास उजेडात धरून पाहिले. तिथंवर ठीक होतं. दुपारी जेवल्या, बोकडाचं स्टेक अर्धं ठेवलं, अन् कोपऱ्यातल्या टेबलावर यादी घेऊन बसल्या. पेन्सिल हातात. मोबाईलवर काहीतरी भरलं, पाठवलं. मंग साडेतीनले मले बोलावलं.

"बसा, खंडारे."

मी बसलो नाही. कॅप्टन माणूस गिऱ्हाइकासमोर बसत नाही. त्या हसल्या.

"ही यादी तुमचीच ना? अशी यादी मी पाहिली नाही. 'संत्र्याच्या वाळत घातलेल्या सालीचा वास.' 'नव्या गोणपाटाचा वास.' हे काय लिहिलंय, सरकीची ढेप?"

"हो मॅडम. जनावरायले घालतात ते. त्या लाल वाइनले तसाच वास येते. गिऱ्हाईक इथलं आहे ना. त्याले स्ट्रॉबेरी सांगून काय कळन? ढेप सांगितली की समजते."

"बरोबर आहे. मी ती बाटली उघडायला लावली होती. ढेपच आहे अगदी." त्यायनं पान उलटलं. "पण एक गोष्ट मला कळली नाही. अडतीस वाइन. प्रत्येकीचा वास आहे. चव एकीचीही नाही."

बस्स. सापडलो. एवढी वर्षं गेली, एवढी माणसं गेली, कोणाच्या ध्यानात आलं नाही. मी स्वतः ती यादी शंभरदा वाचली, माह्या ध्यानात आलं नाही! चोर घरभर हात पुसत फिरला अन् दारावर चिखलाचा पाय ठेवून गेला, तसं झालं. मले वाटलं, आता ही बाई उभी राहीन अन् स्वप्निलभाऊले म्हणन, अहो, तुमचा वाइनवाला कोरडा आहे. अन् सारं अमरावती हसन. पोहता न येणारा पोहणं शिकवते म्हणतीन. अकोला राहिलं बाजूले, उद्या वरण वाढायले बी ठेवणार नाहीत.

"जागा कमी होती, मॅडम," मी म्हटलं. घामानं शर्ट पाठीले चिकटला होता, एसीमधी.

"असेल," त्या म्हणाल्या. "मग तोंडीच सांगा."

स्वप्निलभाऊ तेवढ्यात येऊन माह्या मागं उभा राहिला. "विचारा ना मॅडम! आमचे देवमनभाऊ म्हणजे चालतं-बोलतं पुस्तक आहेत."

मॅडमनं नाशिककडच्या शिराझची, लाल वाइनची, बाटली मागवली. गिलासात दोन बोटं ओतली. मी सवयीनं गिलास उचलला, नाकाजवळ नेला. जांभळाची बी, भाजलं जिरं, मागून थोडा चामड्याचा वास. सांगितलं.

"वास झाला. आता चव."

म्हटलं, "मॅडम, मले ॲसिडिटी आहे. डॉक्टरनं..."

"काहून बाता मारता देवमनभाऊ!" स्वप्निलभाऊ हसला. "कालच तर माह्यासंगं तर्री पोहे हाणले, वरून दोन मिरच्या!"

सत्यानाश झाला तुह्या पोह्यांचा. मनात म्हटलं, तोंडावर नाही.

मॅडमनं एक स्टीलचा वाडगा माह्याकडे सरकवला. "गिळायची गरज नाही. आम्हीही गिळत नाही. तोंडात फिरवा अन् इथे थुंका."

तिथं माह्या डोक्यात वकील बसला. म्हणे, थुंकलं तर ते पिणं कुठं झालं? चूळ भरली असं समज. शीलात नशा करू नको म्हटलं आहे, चूळ भरू नको असं कुठं म्हटलं? दुसरीकडून मायचा आवाज, तोंडात नको जाऊ देऊ. तिनं गळ्यात म्हटलं नव्हतं, तोंडात म्हटलं होतं. ती म्हातारी मोठी पक्की आहे, तिनं वकिलाले जागाच ठेवली नाही.

अन् मागं स्वप्निलभाऊ. त्याचा श्वास मले मानेवर लागून राहिला होता. असं वाटलं की आता तीन मोजेपर्यंत नाही प्यालो तर सारं संपलं. नाही म्हणायले तोंड उघडलं. खरंच सांगतो, 'मी घेत नाही' एवढे तीन शब्द जिभेवर आले होते. तीन शब्दांले किती वेळ लागते? पण भेव असं काही होतं की त्या उघडल्या तोंडाले माह्याच हातानं गिलास लावला.

थुंकायचंच ठरवलं होतं. वाडगा हातात होता. पण भेदरलेल्या माणसाचा गळा त्याच्या ऐकण्यात राहत नाही. गट्ट. गेली.

मले वाटलं आता काहीतरी होईन. अंगाले आग लागन, नाहीतर डोकं फिरन, नाहीतर निदान स्वप्निलभाऊ काही म्हणन. काहीच झालं नाही. एसी चालू होता. खाली रोडवर ट्रॅव्हल्सवाला प्रवासी बोलावून राहिला होता, अकोला, अकोला, अकोला. वळून पाहिलं तर स्वप्निलभाऊ मोबाईल पाहून राहिला होता. माह्याकडे त्याचं ध्यानच नव्हतं.

"हं?" मॅडम म्हणाल्या.

"आधी आंबट लागते," मी म्हटलं. "मंग तुरट. जिभेच्या कडा ओढून घेते, अर्धकच्चं जांभूळ खाल्ल्यावानी. अन् उशिरानं, गळ्यापाशी, भाजल्या गोडंबीवानी काहीतरी राहते. लय वेळ राहते."

हे सांगायले लाज वाटते, पण आता काय लपवू. ती चांगली होती. बावन्न वर्षांत तसं काही तोंडात गेलं नव्हतं. गिलासात अजून एक घोट होता, अन् माही नजर त्याच्यावरून हटत नव्हती. तवा मले खरं भेव वाटलं. आतापर्यंतचं भेव म्हणजे नुसता पोरखेळ होता.

मॅडमनं काही लिहिलं नाही. पेन्सिल टेबलावर तशीच पडली होती. त्या माह्याकडे पाहत होत्या.

"किती गुण दिले मॅडम चवीले?" मी विचारलं.

"चवीला गुण नसतात. गुण यादीला अन् साठवणीला असतात. ते मी जेवण झाल्यावरच भरून पाठवले. तुमचं नाव पुस्तकात येईल." स्वप्निलभाऊनं मोबाईल खिशात टाकला अन् "अरे वा!" म्हणून टाळीच वाजवली, खाली पंजाबरावले सांगायले पळाला. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "हे मी माझ्यासाठी विचारलं. यादी वाचून मला वाटलं होतं, हा माणूस घेत नसणार. आमच्याकडे एक परीक्षक आहेत, वीस वर्षं फक्त वासावर गुण देतात. ओठाला लावत नाहीत. मला वाटलं, तुम्हीही तसेच. म्हणून विचारलं. चुकले मी."

"चुकल्या तुमी," मी म्हटलं.

अन् खोटं त्याच्यात काय होतं? त्या घडीले ते खरंच होतं.

खाली पेढे आले. स्वप्निलभाऊनं मले मिठी मारली. पंजाबरावनं पाठीवर थाप मारली. मी श्वास आत ओढून धरला, की त्यायले वास लागू नये. दारूच्या हॉटेलचे मालक, त्यायले काय फरक पडते? पण मी धरला. लवकर सुट्टी घेतली. रस्त्यात तीनदा चूळ भरली, बडीशेप खाल्ली, लवंग खाल्ली, राजापेठेत गाडी उभी करून मसाल्याचं पान खाल्लं. सिग्नलवर हवालदार दिसला तर मान खाली घातली. एका घोटानं कोणी पकडत नाही, हे मले माहीत आहे. लोकायले हिशेब सांगतो ना मी, किती घोटाले किती. तरी ती भाजल्या गोडंबीची चव लवंगीच्या खालून वर येतच होती.

बायको मूर्तिजापूरले पोरीकडे गेली होती. घरी माय एकटीच. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, पण डोळे अन् नाक माह्यापेक्षा तिखट. मले नाक तिच्याकडूनच आलं. मी लांबूनच सांगितलं, "माय, त्या मुंबईच्या बाई यादी पाहून गेल्या, पास झालो. अकोल्याचं पक्कं होईन बहुतेक." ती म्हणाली, "बरं झालं रे बाबा." पाय धुतले. दिवेलागणीची वेळ झाली होती. तिनं फोटोसमोर मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली, अन् सतरंजीवर बसून माही वाट पाहत राहिली.

आमच्या घरी वंदना मी सांगतो. मी पुढं म्हणतो, ती मागं म्हणते. बाप गेल्यापासून असंच आहे.

तिच्यापासून हातभर लांब बसलो. सुरू केलं. पहिलं शील, दुसरं, तिसरं. ती डोळे मिटून मागं म्हणत होती. चौथं, खोटं बोलणार नाही. तिथंच अडखळलो, पण ओढून नेलं. पाचव्याले तोंड उघडलं अन् काहीच निघालं नाही.

मायनं मंग डोळे उघडले.

"थांबला काहून?"

मी सतरंजीचं टोक सरळ करून राहिलो.

"तब्बेत बरी नाही का?"

"माय," मी म्हटलं, "आज तोंडात गेली."

काय गेली, हे तिनं विचारलं नाही. पदर नीट केला. मले वाटलं होतं ती चिडन, रडन, आज्याचं नाव काढन. तसं काही केलं असतं तर बरं झालं असतं.

"मालकानं पाजली?"

"नाही."

"त्या बाईनं जबरदस्ती केली?"

"नाही. ती तर थुंक म्हणत होती."

"मंग?"

"भेलो, माय."

"कोनाले?"

मी सांगायले गेलो. स्वप्निलभाऊले म्हणावं, तर तो मोबाईल पाहत होता. मॅडमले म्हणावं, तर तिनं गुण कधीचेच देऊन टाकले होते, अन् मी नाही म्हटलं असतं तर ती खूशच झाली असती. नोकरीले म्हणावं, तर नोकरी पक्कीच होती. अडुसष्ट वर्षं ज्याले घरात पाय ठेवू दिला नाही, ते मी आत आणलं, अन् कोणामुळं, हे मायले सांगायले माह्याजवळ एक नाव नव्हतं.

"सांग ना. कोनाले भेला?"

"माहीत नाही," मी म्हटलं, अन् मले रडू आलं.

तिनं मंग फोटोकडे तोंड केलं, हात जोडले, अन् पाचवं शील तिनंच म्हटलं. एकेक शब्द, सावकाश, मले पाठ नसल्यावानी. म्हणून झालं अन् थांबली, मी मागं म्हणन म्हणून.

मले म्हणता आलं नाही. माय तशीच हात जोडून थांबून होती.